पाव भरलेलं पेन

दात काढायला गेलो होतो, आणि कचऱ्याच्या डब्यात दादाचं पेन दिसलं. डॉक्टरने हिरडीत सुई टोचली आणि म्हणाला, बाहेर बसा दहा मिनिटं, बधिर होऊ द्या. मी बाहेर येऊन रिसेप्शनच्या बाईसमोरच्या खुर्चीत बसलो, खालचा ओठ हळूहळू माझा राहीनासा झाला, आणि करमणूक म्हणून डब्यात बघत होतो. मला सवय आहे. माणूस काय टाकतो त्यावरून त्याला काय विकावं ते कळतं. फाडलेली पाकिटं, केळ्याचं साल, रक्त पुसलेला कापूस, आणि त्यात तिरपं उभं राहिलेलं तपकिरी-हिरव्या लाटांचं पेन. शंभर पेनं एकत्र टाका, मी डोळे मिटून दादाचं काढून देईन. टोपण फिरवायला तो शेवटचा अर्धा आटा मुद्दाम जड ठेवतो, बोटांना कळतं. मी हात घातला आणि काढलं. "अहो, घाण आहे त्यात!" बाई ओरडली. मी म्हटलं, हे पेन तुमचं? म्हणजे म्हणायला गेलो. अर्धं तोंड बधिर, शब्द ओठावरून घसरत होते. "होतं," ती म्हणाली. "संपलं ते." संपलं म्हणजे? "संपलं म्हणजे संपलं. आणि संपायच्या आधी आठ दिवस नुसतं टपकत होतं. हे बघा, माझं रजिस्टर." साडेचारच्या पेशंटवर वाटाण्याएवढा निळा डाग होता. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हीच ना ते? त्या ऑफिसच्या इमारतीत, लिफ्टजवळ टेबल लावून बसता? फार गोड बोलला होतात." आतून डॉक्टरने हाक मारली. दात निघाला तेव्हा मला काही म्हणजे काही कळलं नाही. हाडातून काहीतरी करकरत सुटल्याचा आवाज तेवढा आला, शेजारच्या घरात कपाट सरकवावं तसा. माझ्या खिशात पेन होतं आणि माझा हात त्याच्यावर होता.

घरी चालत निघालो. गालाला हात लावला तर दुसऱ्याच कुणाचा तरी गाल, जाड, गार. आज मंगळवार, मी बोटं मोजली. शनिवारी तो माणूस दादाचं लेथ विकत न्यायला येणार होता. कपाटांच्या मुठी बनवतो तो, लाकडाच्या, गोल, एकसारख्या. दादा त्या लेथवर सव्वीस वर्षं एबोनाइटच्या कांड्या कातत आलाय. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर. कातताना त्याचा जळक्या काड्यापेटीसारखा वास येतो, तो दादाच्या शर्टाला आहे, वहिनीच्या उशीला आहे, लहानपणी मला वाटायचं की मोठ्या भावांना असाच वास येतो. महिन्यापूर्वी त्याने एक निब अंगठ्याच्या नखावर टेकवली, फिरवली, डोळ्याला भिंग लावलं, काढलं, आणि म्हणाला, "अंगठ्याला कळत नाही आता." एवढंच. स्विच बंद केला. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तो म्हणाला, "नंबर डोळ्यांचा वाढतो. पेनं टपकायला लागलीयेत." मी गप्प बसलो. मी गप्प बसलो हे ज्याला माझी ओळख आहे त्याला सांगून बघा, तो विश्वास ठेवणार नाही.

आता हे टपकणं. दादाच्या पेनाला आत पंप नाही, नळी नाही, काही नाही. पोकळ पोट. ड्रॉपरने शाई भरायची, गळ्यापर्यंत. दादा मला मी चौथीत असल्यापासून सांगत आलाय, "पेन पोटभर जेवलं की शांत बसतं. अर्धपोटी ठेवलंस की ओकतं." कारण शाई कमी म्हणजे हवा जास्त, हाताच्या उबेने हवा फुगते आणि शाईला ढकलून देते बाहेर. ठिपका. इतकं साधं. चौथीतल्या मुलाला कळलं होतं. पण चौथीतला मुलगा मोठा होऊन लिफ्टजवळ टेबल लावून बसला, आणि त्याचं डोकं सुपीक. लोक यायचे, पेन हातात घ्यायचे, उलटं धरायचे, झटकायचे, बॉलपेनसारखं असं दाबून लिहायचे की माझ्याच बरगडीत रुतावं. "यात रिफिल कुठली बसते?" "बसत नाही साहेब, शाई भरायची." "मग संपल्यावर?" "परत भरायची." "मग परत संपल्यावर?" एकाला म्हटलं, हे पेन तुमच्यानंतर तुमचा मुलगा वापरेल. तो म्हणाला, "त्याला माझं काहीच नको असतं हो." त्याला मी पेन विकलं. असल्या माणसाला न विकणं पाप आहे.

विकायचं म्हणजे आमची पद्धत अशी, की गिऱ्हाइकाकडून आधी कागदावर चार ओळी लिहून घ्यायच्या, त्याच्या स्वतःच्या हाताने, काहीही. तो कागद मी दादाकडे न्यायचा. दादा बघायचा की हात तिरका पडतो की सरळ, दाब कुठे, अक्षर गोल की टोकदार, आणि त्याप्रमाणे त्या माणसाची निब दगडावर घासायचा. तीन दिवसांनी मी शाई भरून पेन द्यायचो. कागद दादाच्या फायलीत. दादाचे गुडघे गेलेत, तो जिना उतरत नाही, माणसं त्याने पाहिलेलीच नाहीत. त्याच्यासाठी ती अक्षरं म्हणजेच माणसं. "तो डावीकडे कलणारा आला का रे परत?" "ती गोल अक्षरवाली? तिची निब आता बसली असेल हाताला, बघायला हवी एकदा." कारण निब नवी असताना नुसती दादाची असते. महिनाभर लिहिलं की ती त्या माणसाची होते, आणि तेव्हा ती परत बघायची, कुठे झिजली, कशी झिजली, त्यावरून पुढच्या निबा सुधारायच्या. त्याला विकलेल्या पेनाचं कधी काही वाटलं नाही. त्याला परत आलेलं पेन हवं असायचं. सणाला मुलगी माहेरी यावी तसा तो त्यांची वाट बघायचा, आणि मला ते बघवायचं नाही, म्हणून मी युक्ती काढली. दीड वर्षापूर्वी. पेन पावच भरायचं. आठ-दहा दिवसांत शाई संपेल, माणूस झक मारत परत येईल, मी फुकट भरून देईन, आणि त्या निमित्ताने निब दादाकडे घेऊन जाईन. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं होतं की त्या दिवशी मी एकटाच हसत चाललो होतो आणि एका बाईने मुलाला जवळ ओढून घेतलं.

कुणी आलं नाही. म्हणजे दोघं आले, डागाळलेले खिसे दाखवायला, तावातावाने. ती पेनं मी दादाकडे नेली. दादाने उघडली, आटे परत कापले, निबेला शाई पुरवणारी खालची जीभ बदलली, रात्रंदिवस त्याच्यात. आणि मी ती परत कशी दिली? पाव भरून. सवय. दोघंही पुन्हा आले आणि पेनं टेबलावर ठेवून गेले. ते मी दादाला सांगितलं, हसत हसत, लोकांना अक्कल नाही म्हणून. तो हसला नाही. तेव्हापासून तो प्रत्येक पेन गळ्यापर्यंत शाई भरून काचेच्या पेल्यात तीन-तीन दिवस टांगून ठेवायचा, मग रिकामं करून माझ्याकडे द्यायचा. त्याच्याकडे एकही टपकायचं नाही, कारण त्याच्याकडे ती भरलेली असायची. माझ्याकडून गेली की टपकायची. त्याला काय वाटलं असेल? आपल्याला जे दिसत नाही ते जगाला दिसतंय. आपला हात गेलाय आणि तो आपल्यालाच कळू देत नाहीये. आणि मला काय कळलं नव्हतं का? कळत होतं, वळत नव्हतं असं म्हणतात, पण तेही खोटं आहे. मी त्या बाजूला बघतच नव्हतो. जिभेने दुखरा दात टाळून जेवावं तसं. बाकीचे, जे आलेच नाहीत, त्यांनी काय केलं असेल हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मला वाटायचं, विसरले असतील, ड्रॉवरमध्ये असेल. ज्याने आयुष्यभर संपलं की टाकलं त्याला पेन रिकामं होतं म्हणजे काय ते कसं कळावं? आणि हे मला, त्यांच्या डब्यात बघून त्यांना ओळखणाऱ्या मला, कळू नये? चालताना गाल मुंग्यांनी भरत चालला होता.

घरी दादा लेथसमोर बसला होता, लेथ बंद. वहिनी भाजी चिरत होती. मी पेन त्याच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. एका दमात. पण तोंड अर्धं मेलेलं, त्यामुळे 'पाव' म्हणायला गेलो की 'फाव' व्हायचं, आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. वहिनी हसायला लागली. "भावजी, डॉक्टरने एवढं बंद करून दिलंय, आज तरी तोंडाला विश्रांती द्या." मी म्हटलं, वहिनी, हसू नका, मी पावच भरत होतो, दीड वर्ष, म्हणून टपकत होती, दादाचा हात ठीक आहे. दादाने पेन उचललं. उघडलं, आत फुंकर मारली, निबेवर नख फिरवलं. मला पाचवीत ताप आला होता तेव्हा तो जसा बघायचा, तसं माझ्याकडे बघितलं. "तू असं करशील?" तो म्हणाला. "तुला चौथीत असल्यापासून माहीत आहे." "केलं म्हणतोय ना!" "नाटक्या," तो म्हणाला, फार मायेने, "पुरे. दुखत असेल तुला. पडून राहा." म्हणजे त्याला वाटलं, मी त्याचा दोष माझ्या अंगावर घेतोय. मी! ज्याने शाळेतली फुटलेली काच वर्गातल्या मांजरावर ढकलली होती.

आणि त्याचं चुकलं तरी कुठे? त्याच्या पन्नाशीला मी आमच्या जाड्याला, म्हणजे माझ्या एका मित्राला, उसना कोट घालून वर दादाकडे पाठवलं होतं, मोठ्या कंपनीचा अधिकारी म्हणून. निवृत्त होणाऱ्यांना भेट द्यायला दोनशे पेनं हवीत. जाड्याने काम झकास केलं, जिन्यात येऊन हसता हसता खाली बसला. संध्याकाळी सांगून टाकायचं ठरलं होतं. पण दादा संध्याकाळी शीळ घालत होता. त्याला शीळ येते हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, उद्या सांगू. उद्या तो पहाटे उठून बसलेला. मग परवा. अकराव्या दिवशी सांगितलं, तोवर त्याची चौतीस टोपणं तयार झाली होती. तो हसला. अशा वेळी माणसाला हसावंच लागतं, नाही हसलं तर चेष्टा करणाऱ्याचं काय होईल? वहिनी माझ्याशी दोन महिने बोलली नाही. दादाने ती टोपणं टाकली नाहीत. वर्षभरात एकेक करून त्यांना खालचं अंग बनवत राहिला. त्यातली सतरा मी विकली. प्रत्येक विकताना मनात म्हणत होतो, एक फेडलं. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगून काही उपयोग नाही.

रात्री ओठ परत माझा झाला, आणि हिरडी दुखायला लागली. बुधवारी सकाळी मी पेन घेऊन बाईकडे गेलो. तिच्यासमोर धुतलं, ड्रॉपरने गळ्यापर्यंत भरलं, आटा आवळला, आणि म्हटलं, दोन दिवस लिहा. टपकलं तर माझे उरलेले दातही काढा. ती म्हणाली, "त्यासाठी अपॉइंटमेंट लागेल." मला ती आवडली. शुक्रवारी गेलो तर रजिस्टर स्वच्छ, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, निळं गोल गोल अक्षर, पाटीवर पेन्सिल फिरावी तसं. "अहो, हे तर छानच लिहितं की," ती म्हणाली, आणि जरा ओशाळली. "मला वाटलं, संपलं म्हणजे गेलं. कुणी सांगितलंच नाही." मी म्हटलं, चुकलं माझं. हे दोन शब्द मी किती वर्षांनी म्हटले कोण जाणे. मग तिला म्हटलं, माझ्या भावाला भेटाल? जे झालं तेच सांगायचंय, आधी टपकायचं, नीट भरल्यावर थांबलं. पाच मिनिटं. दुपारच्या सुट्टीत ती आली. चांगली बाई. पावसाळी चपला, हातात डबा. जिना चढायला लागलो. पहिला मजला. वर दादाचा खोकला ऐकू आला. मला एकदम दिसलं, की ही अनोळखी बाई दादाच्या समोर उभी आहे आणि म्हणतेय, टपकायचं हो तुमचं पेन. नुसतं टपकत होतं. मी दीड वर्षं तो शब्द त्याच्याकडे नेत होतो, मी नेला ते वेगळं. मी घरचा. पण त्याने पहिल्यांदा पाहिलेलं गिऱ्हाईक, आणि तिच्या तोंडून तोच शब्द? त्याचा चेहरा मला जिन्यातच दिसला. माझे पाय थांबले. आणि मी म्हटलं, "ते टपकायचं वगैरे काढू नका. छान लिहितं एवढंच म्हणा." ती म्हणाली, "पण तुम्हीच तर म्हणालात..." मी म्हटलं, "आजारी आहे तो." आजारी नाही तो. सहज आलं तोंडात. माझ्या तोंडात सगळं सहजच येतं.

दादाने तिला खुर्ची दिली. कागद पुढे केला, म्हणाला, लिहा काहीतरी. तिने लिहिलं. तिची दुसरी ओळ पुरी व्हायच्या आत दादा उठून उभा राहिला, गुडघ्यांना विचारलंही नाही. "गोल अक्षरवाली!" तो म्हणाला. "वहिनीला बोलव रे, गोल अक्षरवाली आलीय!" फायलीतून कागद काढला, शेजारी ठेवला, बोट ठेवून दाखवायला लागला. "हे बघा, तेव्हा तुम्ही इथे दाबत होतात. आता बघा, सोडून दिलंत. निबेने सोडवलं ते." बाईला हसू येत होतं आणि बहुतेक रडूही. कुणी तिचं अक्षर असं बघितलं नसेल. मला वाटलं, झालं, जमलं, लेथ कुठे जात नाही. दादा थबकला. पेन हातात घेतलं आणि अगदी हळू, परीक्षेचा निकाल विचारावा तसं विचारलं, "टपकतं का?" बाईने माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं, निमिषभर. "नाही," ती म्हणाली. "कधीच नाही टपकलं."

दादाने टोपण काढलं. कापडाच्या कोपऱ्याला पीळ दिला, टोपणाच्या आत घालून फिरवला आणि बाहेर काढला. कापड निळं झालं होतं, सुकलेल्या, जुन्या शाईने, चांगलं गडद. मी बाहेरून धुतलं होतं. टोपणाच्या आत बघितलं नव्हतं. दादाने त्या निळ्याकडे बघितलं, कापडाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "छान," तो म्हणाला. बाई घाईघाईने म्हणाली, "म्हणजे आधी टपकायचं, पण आता यांनी नीट भरल्यावर..." ती खरं सांगत होती. शब्दन्‌शब्द खरं. "हो हो," दादा म्हणाला, "चहा घ्या तुम्ही. इतक्या लांब आलात." तिने चहा घेतला. जाताना त्याने तिची निब दगडावर दोनदा ओढून दिली, म्हणाला, आता अजून हलकी चालेल. आणि चालत होती. मी तिला खाली सोडायला गेलो तर ती म्हणाली, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, नाही, तुमचं नाही.

वर आलो तेव्हा दादा हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत, महिन्यानंतर पहिल्यांदा. "अरे नाटक्या," तो म्हणाला, "तू म्हणतोस टपकायचं, ती म्हणते कधीच नाही, मग म्हणते आधी टपकायचं. निदान दोघांनी आधी ठरवून तरी घ्यायचं!" मी म्हटलं, दादा, शपथ घेतो. "घेऊ नकोस. तुझ्या शपथा पुष्कळ झाल्यात घरात." मी म्हटलं, आत्ता तुझ्यासमोर पाव भरतो, धर हातात, बघ टपकतं की नाही. तो म्हणाला, "पाव भरलेलं कुठलंही टपकतं. त्यात माझं काय सिद्ध झालं?" आणि खरंच, काय झालं असतं? चांगलं पेन आणि वाईट पेन पावाला सारखंच ओकतं. "पण एक सांगतो," तो म्हणाला, "एवढा खटाटोप कुणी भाऊ करत नाही. बाई मात्र छान निवडलीस. जाड्यापेक्षा बरी." वहिनी दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं की तिला सगळं कळलंय, मंगळवारीच कळलं असणार, पण ती कप उचलून आत गेली. दादा डोळे पुसत होता. इतका खूश, की त्याच्यापुढे मला तोंड उघडवेना. मी जर आणखी एकदा खरं बोललो असतो तर त्याला तेही माझं प्रेमच वाटलं असतं.

मग तो उठला, तेलाचा डबा घेतला आणि लेथ पुसायला लागला. एबोनाइटची काळी भुकटी कोपऱ्याकोपऱ्यांत बसलेली, ती तो काडीने उकरून काढत होता. "दुसऱ्याच्या घरी जायचंय," म्हणाला, "स्वच्छ जाऊ दे." मी दुसरं फडकं घेऊन पलीकडची बाजू पुसायला लागलो. हिरडीतला खड्डा ठणकत होता. बराच वेळ आम्ही दोघं पुसत होतो, मध्ये ते लोखंड. मग तो मान वर न करता म्हणाला, "उद्या तो माणूस आला ना, तर तू काही बोलू नकोस हं. मशीन चांगलं आहे हे मीच सांगेन त्याला. तू सांगितलंस तर त्याला खरं वाटायचं नाही."

मी बरं म्हटलं, आणि पुसत राहिलो.